अंधारात वाचलेलं स्तोत्र

पाळकसाहेब, सलाम.

हे तुमची दीपमाला तुम्हाला वाचून दाखवील. तिला नको ते गाळायची सवय आहे, म्हणून आधीच बजावून ठेवा, बाईंनी लिहिलंय तेवढं सगळं वाच, तुझ्याबद्दलचंसुद्धा. तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. उंद्रीच्या हवेत तब्येत बरीच असणार, आणि डोळ्यांचं विचारण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

लिहिण्याचं कारण असं. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं जे मासिक निघतं, त्याच्या संपादकांचा फोन आला होता. देवाला पहिलं स्थान देणाऱ्या सेवकांवर ते लेख छापतायत आणि तुमच्यावर मी लिहावं असं त्यांचं म्हणणं. "बाई, ते अंधारात स्तोत्र वाचल्याचं तेवढं जरूर घ्या," हे दोनदा सांगितलं. घेते म्हटलं. पण मी लिहीन ते त्यांच्या मनातलं असणार नाही. छापायचं की केराच्या टोपलीत टाकायचं ते त्यांचं ते पाहतील. तुम्ही मात्र आधी ऐकावं, म्हणून सुरुवात तुमच्या नावाने केली. वाचणाऱ्यांना तुम्ही माहीत नाही, तेव्हा आता थोडा वेळ तुमच्याकडे पाठ करून त्यांच्याशी बोलते. मध्ये बोलू नका. वचन काढून समोरच्याचं तोंड बंद करायची तुमची जुनी खोड आहे.

तर, प्रेमानंद मूळचे चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे. वडील लहानपणीच गेले. आई केसरबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून अर्धं बायबल पाठ होतं. गावात एक बायबलबाई यायच्या आणि ओसरीवर बसून वाचायच्या. त्या पुढच्या खेपेला येईपर्यंत केसरबाई ऐकलेलं घोकून ठेवायची आणि पोराच्या गळी उतरवायची. तिची पद्धत सरळ होती. संध्याकाळी चूल पेटायची, भाकर तव्यावरून टोपल्यात पडायची, आणि पोराने आधी त्या दिवसाचा भाग म्हणायचा. अडखळला की टोपल्यावर झाकण.

"पह्यले देव, मंग भाकर."

"भूक लागली ना वं माय."

"देवाले बी लागते. त्याले काय भेटते आपल्या घरी? दोन शब्दच ना. थे तरी गरम दे."

बायबलात एक फार लांब स्तोत्र आहे, सगळ्यात लांब. मोठी माणसंसुद्धा ते एका बैठकीत वाचताना मध्ये पाणी मागतात. प्रेमानंदला ते चौथीत जायच्या आधी पाठ होतं. भुकेने पाठ झालेलं माणूस विसरत नाही. हे लक्षात असू द्या.

पुढे पाळकपणाचं शिक्षण झालं आणि पहिली नेमणूक मिळाली धामणगाव बढ्याला. तिथे तेव्हा मंडळी म्हणजे चार घरं, आणि उपासना एकाच्या गोठ्यात, बैल बाहेर बांधून. लग्न त्याच काळात ठरलं, खामगावच्या दीपमालाशी. लग्नाच्या दिवशी पहाटे निरोप आला, धामणगावातला एक म्हातारा गेला. नवरदेवाला हळद लागलेली. घरच्यांनी सांगितलं, दुसरा कुणीतरी पाळक बोलवा. प्रेमानंदांनी तशाच पिवळ्या अंगाने मोटारसायकल काढली, धामणगावाला जाऊन माती दिली, परत आले, आंघोळ केली आणि दुपार कलल्यावर मंडपात उभे राहिले. तोवर वऱ्हाडी दोनदा जेवले होते.

"माह्या लग्नात सगळे येळेवर आले, नवरदेव सोडून," असं दीपमाला आजही सांगते. आणि नवऱ्यासमोरच पुढे जोडते, "देव पह्यला, मंडळी दुसरी. माहा नंबर कितवा हाये, थे अजून कोनी सांगतलं नाही."

प्रेमानंद यावर हसायचे.

खामगावच्या आमच्या छोट्या मंडळीत ते आले तेव्हा मी मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन घरी बसले होते. आमच्यात कापसाच्या जिनिंगमधले कामगार, नर्सबाया, मास्तर, एसटीतली माणसं. नव्या पाळकाला जोखायची आमची पद्धत वाईट आहे. प्रवचन किती लांबतं आणि चहाला कुणाकडे जास्त जातो, एवढ्यावर निकाल. प्रेमानंद कुणाकडेच जास्त जात नसत. नाताळात एका पैसेवाल्या घराला पहिला बाक राखून हवा होता. यांनी काय केलं, पहिला बाकच उचलून व्हरांड्यात ठेवला. "आता दुसरा बाक पह्यला झाला. ज्याले बसाचं त्यानं बसा." दुसऱ्या बाकावर मी बसायची, त्यामुळे मी एकदम पुढे आले आणि तेव्हापासून मला सगळं जवळून दिसायला लागलं.

आणखी एक नियम त्यांनी घातला. दाराशी एक टोपली. उपासनेला येणाऱ्याने फोन तिच्यात टाकायचा. मोठ्या पदावरच्या माणसांनी कुरकुर केली. प्रेमानंद म्हणाले, "देवाच्या घरात पह्यले देव, मंग फोन. कोनाले लई अर्जंट असन तर त्यानं मले फोन लावा. मी बी उचलनार नाही." टोपली राहिली. हीसुद्धा लक्षात ठेवा.

माणूस असा होता. देवाला पहिलं ठेवणं म्हणजे त्यांच्या बोलण्यातली शोभा नव्हती, हाडामांसात मुरलेली सवय होती. मी देवभोळी नाही. नागपूरला एमए केलं, आणि प्रार्थना लांबली की घड्याळ पाहते. तरी या माणसापुढे मी उलट बोलताना जरा सावरून बोलायची. बोलायची मात्र.

डोळ्यांचं पहिल्यांदा मी पाहिलं ते प्रभुभोजनाच्या वेळी. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे घेऊन ते बाकाबाकाशी येत होते. माझ्या शेजारी, अगदी कडेला, माणिकरावांच्या पत्नी विमलबाई बसल्या होत्या; माणिकराव कोण ते पुढे येईलच. ट्रे त्यांच्या हाताशी येऊन पुढे गेला. विमलबाईंचा हात तसाच वर राहिला. समोरचं पाळकांना दिसत होतं, कडेचं दिसत नव्हतं. नळीतून पाहावं तसं. पुढे दारात उभे राहून हात मिळवताना बाजूने आलेल्यांकडे ते बघतच नसत. लोक म्हणू लागले, पाळकसाहेबाला आता गर्व चढला. मग एक दिवस मोटारसायकल केळ्यांच्या गाडीला धडकली. केळ्यांची गाडी काही पळत नव्हती.

मी त्यांना ओढत गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला आणि सांगितलं, काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने जेवढी नजर गेली तेवढी कायमची गेली, उरलेली तेवढी राखायची. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, एक दिवस न चुकता. आणि अकोल्याला मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवा, कदाचित ऑपरेशन करावं लागेल.

"नाताळ होऊन जाऊ द्या, बाई," बाहेर आल्या आल्या प्रेमानंद म्हणाले.

नाताळ झाला. मग उपवासकाळ लागला, तेव्हा मंडळी सोडून कसं जायचं. मग ईस्टर. ईस्टरनंतर गावोगावच्या सभा. शेवटी मी भडकले.

"डोळ्यांसाठी एक दिवस निघत नाही तुमच्याकडे?"

"देवाचं काम सोडून सोताच्या डोळ्याच्या मांगं लागू का, बाई?"

"डोळे कुणाचे? बाजारातून आणलेत का तुम्ही? देवानेच दिले ना? मग ते सांभाळणं कुणाचं काम झालं?"

"तुमी पुलपिटावर उभ्या राहा. मी खाली बसतो."

हे असं. हसण्यावारी न्यायचं. थेंब तेवढे दीपमाला पाठीमागे लागून टाकायची. ती घालायची म्हणून नजर जागच्या जागी टिकून होती. वाचायला त्रास व्हायचाच. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात तर अक्षरं धुक्यात जात. पण केसरबाईंनी भाकरीवर पाठ करून घेतलेलं सगळं आत होतं. पुस्तक समोर उघडायचं, पान उलटल्यासारखं करायचं आणि म्हणत जायचं. कुणाला कळलं नाही. मलासुद्धा फार उशिरा कळलं.

आता ती संध्याकाळ. नोव्हेंबरातला प्रार्थनेचा आठवडा होता. पाळकसाहेबांना नीट दिसत नाही, चष्म्याने भागत नाही, एवढं एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. त्या दिवशी माणिकराव उठले. माणिकराव म्हणजे आमच्या मंडळीचे पंच. एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले, पण आवाज स्टँडवरचाच राहिला. माणूस मनाने चांगला, फक्त एखादी गोष्ट डोक्यात बसली की बस सुटली म्हणून समजा. ते म्हणाले, "आपला पाळक आपल्यासाठी गुडघे घासते. आज आपन त्याच्या डोळ्यासाठी घासू." सगळे पुढे आले, प्रेमानंदांच्या डोक्यावर हात ठेवले, रडून प्रार्थना केली. मीही ठेवला. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, काही झालं तर किती बरं होईल.

मग ते पुलपिटावर, प्रवचनाच्या ओट्यावर, गेले आणि ते लांब स्तोत्र वाचायला लागले. थोडं वाचून झालं आणि लाइट गेली.

डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. फोन सगळे दाराशी टोपलीत. लोक दचकले, कुणी 'अगं बाई' म्हटलं, एक मूल रडायला लागलं. आणि प्रेमानंदांचा आवाज एका शब्दालाही थांबला नाही. ते वाचत राहिले. हळूहळू सगळे गप्प झाले. त्या अंधारात एकट्या त्यांचाच आवाज, ओळीमागून ओळ, कुठे अडखळणं नाही.

भाग संपत आला तेव्हा लाइट आली. माणिकराव उभेच होते. त्यांनी हालेलुया असं म्हटलं की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने आत डोकावून पाहिलं.

"आंधारात वाचलं पाळकसाहेबानं. देवानं डोळे देल्ले. आपन सगळ्यायनं पाह्यलं."

अंधारात पाहिलं कसं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लोक रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. प्रेमानंद पुलपिटावर पुस्तक मिटून उभे, चेहरा गोंधळलेला. मी उठले, त्यांचा दंड धरला आणि मागच्या खोलीत नेलं.

"काय झालं, बाई? लोकं काऊन रडून राह्यले?"

"लाइट गेली होती."

"कवा?"

या एका शब्दाने मला सगळं कळलं. त्यांनी डोळे मिटलेले होते. उघडे असते तरी फार फरक पडला नसता. लोकांची कुजबुज त्यांना प्रार्थनेतली वाटली. मी काय घडलं ते सांगितलं. ते खुर्चीवर बसले, मग लगेच उठले. "आत्ताच सांगतो त्यायले." दारापर्यंत गेले. दारात विमलबाईंनी त्यांचे पाय धरले. पलीकडे जिनिंगमधला एक म्हातारा गुडघ्यावर होता. त्याची सून वारल्यापासून त्याने देवाचं नाव टाकलं होतं. तो हमसून हमसून रडत होता. प्रेमानंदांना तो दिसला नसावा, पण आवाज त्यांनी ओळखला. ते परत फिरले.

"आज नको, बाई. रविवारी सांगतो."

रविवारी बाहेर व्हरांड्यापर्यंत माणसं. उंद्रीहून आली, धामणगावाहून आली. माणिकरावांनी देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगून साक्ष दिली, ती आधीपेक्षा थोडी वाढली होती. प्रेमानंद काही बोलले नाहीत. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. पुढच्या रविवारीही तेच.

मग एक दिवस दीपमाला माझ्याकडे आली. पदराखालून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. भरलेली.

"टाकू देत नाही, बाई. म्हनते, लोकं साक्ष देऊन राह्यले अन् मी मांगच्या खोलीत चोरून दवा घालू? थे खोटं होईन म्हनते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मंडळीसमोर खोटं चाललंय ते चालतं आणि घरात थेंब टाकले तर खोटं? मी तडक त्यांच्या घरी गेले.

"बाई, त्यायचा विश्वास हाये त्याच्यावर," प्रेमानंद शांतपणे म्हणाले. "मी सांगतलं तर देवाचं नाव खाली जाईन."

"तुम्ही देवाला पहिलं ठेवताय की देवाच्या नावाला?"

"नाव अन् देव येगळं काढता येते का?"

"येतं. आत्ता तेच चाललंय. नाव वर चढतंय आणि देव बाहेर बैलासारखा बांधून ठेवलाय."

हे लागलं. मला दिसलं, लागलं. तरी म्हणाले, "देवाले पाह्यजे असन तर तो ठेवीन डोळे."

दीपमाला स्वयंपाकघरातून बोलली, "त्यानं डॉक्टर धाडला, बाई धाडली, बाटली धाडली. आता काय सोता येऊन झाकन उघडीन?"

तो हिवाळा आणि तो उन्हाळा बाटली तशीच राहिली. मी रोज जाऊन भांडू शकत होते, भांडलेही. साठीच्या माणसाचे डोळे जबरदस्तीने उघडून थेंब घालता येत नाहीत.

ते मौन मोडलं ते विमलबाईंमुळे. विमलबाईंना साखरेचा आजार आणि एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. अकोल्याची ऑपरेशनची तारीख मिळालेली. एका संध्याकाळी त्या पाळकांच्या घरी आल्या, मी तिथेच होते.

"मले बी हात ठेवा, पाळकसाहेब. यायनं तारीख रद्द केली. म्हनते, आपला देव इथं असून चिरफाड कायले?"

प्रेमानंद खुर्चीवरून उठले. हात ठेवला, प्रार्थना केली, आणि विमलबाई गेल्यावर मला म्हणाले, "रविवारी जरूर या, बाई." मी रविवार कधी चुकवलेला नाही, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं.

त्या रविवारी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. पुलपीट सोडून खाली आले, बाकांना हात लावत लावत मधोमध उभे राहिले.

"त्या दिवशी मले दिसलं नाही. लाइट गेली, थे बी मले समजलं नाही. मायनं लहानपनी पाठ करून घेतलेलं मी म्हनत होतो. मी आंधळा होऊन राह्यलो. दवा होती, मी घेतली नाही. तुमी दवाखान्यात जा. विमलबाई, तुमी उद्याच जा. मी देवाच्या नावावर गप्प बसलो, थ्याची माफी मांगतो."

इतकं सरळ बोलणं मी कुठल्याच पुलपिटावरून ऐकलेलं नाही. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता ही माणसं चिडतील, दोन शिव्या देतील, मग हात धरून त्यांना अकोल्याला नेतील.

माणिकराव उठले. डोळ्यांत पाणी.

"आयकलं का? याले म्हनते नम्रपना. देवानं एवढं देल्लं अन् मानूस सोताकडं काडीचा मान घेत नाही. असा पाळक खामगावात दुसरा नाही."

आणि त्यांनी गाणं धरलं. पेटीवाल्याने सूर दिला. सगळी मंडळी गायला लागली. मी उठून म्हटलं, "अहो, ते खरं सांगतायत." माझ्या शेजारणीने माझा हात प्रेमाने दाबला आणि गात राहिली. मधोमध प्रेमानंद उभे, हात बाकाच्या पाठीवर, तोंड जरासं उघडं. सगळ्यांचं गाणं संपेपर्यंत तसेच.

दुसऱ्या दिवशी मी, दीपमाला आणि ते अकोल्याला गेलो. बसमध्ये त्यांना खिडकीशी बसवलं. दवाखान्यात मशिनींवर मशिनी झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. उजवा गेलेला आहे, डाव्यात सुतभर उरलंय, तेही किती टिकेल सांगता येत नाही. थेंब पुन्हा सुरू झाले. आता प्रेमानंद स्वतःच वेळेवर मागायचे. उपयोग व्हायचा नव्हता.

विमलबाईंना मीच नेलं, साडी घ्यायच्या निमित्ताने. ऑपरेशन चांगलं झालं. माणिकराव दोन दिवस फुगून होते, मग स्वतःच काळा चष्मा आणून दिला. पट्टी निघाल्यावरच्या रविवारी विमलबाईंनी साक्ष दिली, "हात डॉक्टरचा, पन प्रार्थना पाळकसाहेबाची. त्यायनं जा म्हनलं म्हनून झालं." माणिकराव पुढे म्हणाले, "पाह्य, दोन चमत्कार." मी कपाळाला हात लावला.

नंतर प्रेमानंद पुलपिटाच्या पायरीवरून पडले. तेव्हा मात्र सगळ्यांना दिसलं. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांसमोर घडल्यावर तरी लोक मानतील असं वाटलं होतं. मानलं, पण आपल्या पद्धतीने. कुजबुज सुरू झाली, देवानं दिलं होतं, यानं भर मंडळीत नाकारलं, म्हणून परत घेतलं. मी समजावून बघितलं, रागावून बघितलं. शाळेत मी पाचशे मुलींना गप्प करत असे. इथे एकही माणूस माझं ऐकेना.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते, पाळकसाहेब. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका, कारण ते मासिकात जाणार नाही. हा भाग फक्त तुमच्यासाठी.

तुम्हीच म्हणालात, मंडळीत लोकं गानं ऐकते, घरी बोलनं ऐकते. माणिकरावांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून सांगायचं ठरलं. लोक नाहीत, पेटी नाही. मी सोबत असेन, कारण मी दुसऱ्या बाकावर होते आणि 'कवा' हा शब्द मी ऐकला होता. मंगळवार ठरला. मी फोन करून कळवलं की आम्ही दोघं चहाला येतोय. विषय सांगितला नाही.

मंगळवारी मी रिक्षा घेऊन तुमच्या दाराशी आले तर दाराला कुलूप. धामणगावाहून फोन आला होता, कुणी म्हातारी शेवटच्या श्वासावर, पाळकाची वाट पाहते. तुम्ही दीपमालाचा खांदा धरून पहिली बस पकडून गेलात. सुतभर उजेडात धामणगाव. मी रिक्षात बसून फार चिडले, आणि चिडून काय करणार, घरी गेले. त्या म्हातारीला तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं हेही खरं. तुमचं पहिलं ते पहिलंच.

पुढच्या मंगळवारी माणिकराव मुलाकडे पुण्याला. ते परत आले तोवर तुमचा डावाही गेला होता. मग तुम्ही उंद्रीला, केसरबाईंच्या घरात. जाऊ म्हणत होतो आपण. सणासुदीला तुम्ही आलात की जाऊ. मागच्या दिवाळीत माणिकराव झोपेतच गेले. अंत्यविधीला नव्या पाळकांनी त्यांच्या जीवनातली मोठी साक्ष म्हणून ते अंधारातलं स्तोत्रच सांगितलं. लोकांनी आमेन म्हटलं. तुम्ही दुसऱ्या बाकावर माझ्या शेजारी होतात. तुमचा हात माझ्या हाताला लागत होता.

परवा बाजारातून येताना विमलबाईंनी दारातून हाक मारली. त्यांना आता लांबचंही स्वच्छ दिसतं.

"बाई, त्या मंगळवारी तुमी अन् पाळकसाहेब येनार होते ना? यायनं सकाळीच अर्धा लिटर दूध जास्तीचं आनून ठेवलं होतं. मले म्हने, एवढे दोघं मिळून येऊन राह्यले, काहीतरी महत्त्वाचं काम असन. काय होतं वं बाई?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काही नाही," म्हटलं. "सहज येणार होतो."

"मी संध्याकाळपर्यंत थे दूध तसंच ठेवलं," विमलबाई म्हणाल्या. "यायनं वापरू देल्लं नाही."